बर्फीला केबिनमध्ये नेण्याआधी

पत्र: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. विलेपार्ल्यात दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची केबिन, बाहेर चार खुर्च्यांची वेटिंगची जागा. माझ्याकडे लहान आणि किशोरवयीन मुलं जास्त येतात. बर्फी ही माझी पावणेदोन वर्षांची इंडी कुत्री, घरी सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळते. नऊ वर्षांच्या एका मुलीची आई मला म्हणाली, “मॅडम, तुमची बर्फी सेशनला बसली तर? आमची शाळेत तोंड उघडत नाही, पण कुत्र्यांशी बोलते.” तेव्हापासून विचार चालू आहे. प्रमाणपत्र कुठलं लागतं? दिवसाला किती सेशन चालतील? आणखी एक पालक दोन ससे आणि एक पोपट देऊ करताहेत, लहानांसाठी कोपरा करावा का? सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुर करतील असं वाटतं. बाकी बर्फी गुणी आहे. एकदाच, इमारतीतल्या मुलाने मागून मिठी मारली तेव्हा गुरगुरली होती, पण चावली वगैरे नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ शेवटची आहे, आणि नेमकी तीच तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

गुरगुरणं हा बर्फीच्या स्वभावातला डाग नव्हे. मागून, न दिसता, गळ्याभोवती हात आले. तिने आवाज करून ‘नको’ म्हटलं, मुलाने सोडलं, विषय मिटला. कुत्र्याने याहून शहाणपणाने काय वागायचं? त्या वेळी तिला कुणी दटावलं असेल, नाकावर चापट मारली असेल, तर मात्र घरच्यांना आधी समजावा. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, नकोसं वाटणं सोडत नाही. पुढच्या वेळी मधली पायरी गाळून ते थेट चावतं, आणि लोक म्हणतात, काही कळायच्या आत चावलं.

तेव्हा खरा प्रश्न प्रमाणपत्राचा नाही. बंद केबिनमध्ये, समोर रडणारं किंवा चिडलेलं मूल असताना, बर्फीने ‘नको’ म्हटलं तर ते ऐकणार कोण आणि ती जाणार कुठे? याची सोय होईपर्यंत तिला सेशनला बसवू नका. तयारीला किमान तीन महिने धरा. तीन महिन्यांनी ‘हे काम बर्फीचं नाही’ असंही निघू शकतं. ते मान्य करायची तयारी नसेल तर सुरुवातच नको.

प्रमाणपत्राचं आधी उरकू. भारतात थेरपी डॉगसाठी कायद्याने ठरवून दिलेला परवाना नाही. तुमची व्यावसायिक नोंदणी तुमची, ती कुत्रीला लागू होत नाही. खासगी अभ्यासक्रम आहेत. त्यांतले काही चांगले, तर काही दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर भिंतीवर लावायला कागद देणारे. फी भरण्याआधी विचारा: कुत्र्याचं मूल्यमापन प्रत्यक्ष करता का? त्यात कुणी नापास होतं का? शिकवताना चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा काट्यांचा पट्टा वापरता का? शेवटच्या प्रश्नाला ‘गरज पडली तर’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. निकषच हवे असतील तर अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या संस्थेचे नियम मापदंड म्हणून वापरता येतात. त्यांच्याकडे कुत्रं किमान 1 वर्षाचं आणि निदान 6 महिने त्या घरात राहिलेलं लागतं, कच्चं मांस खाणारं कुत्रं चालत नाही, आणि दिवसाला 2 तासांहून जास्त काम नाही. हे 2 तास म्हणजे मुरलेल्या कुत्र्याची कमाल मर्यादा. बर्फीसाठी पहिले सहा महिने 20 ते 25 मिनिटांचं एक सेशन, आठवड्यातून दोनदा, एवढंच ठेवा. पुढे दिवसाला दोन झाली तरी मधे निदान अर्धा तास तिला एकटीला, अंधाऱ्या-शांत जागी पडू द्या. कुत्री दिवसाचे बारा-चौदा तास झोपतात. क्लिनिकचं टाइमटेबल त्या झोपेवर घाला घालणारं नको.

आता तयारी. पहिले दोन-तीन आठवडे बर्फी रिकाम्या केबिनमध्ये येईल, बाकी काही नाही. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर कुत्र्यांचे पाय घसरतात आणि घसरणारं कुत्रं कायम ताणात असतं, म्हणून तिच्या वावराच्या पट्ट्यात रबरी मॅट अंथरा. दारापासून जवळच्या कोपऱ्यात तिची चटई आणि पाण्याचं भांडं ठेवा. चटईचा नियम एकच: ती चटईवर असताना तिला कुणीही हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. मोठ्यांनीही नाही, तुम्हीही नाही. केबिनचं दार लावावंच लागतं, तेव्हा आतल्या बाजूला बेबी गेट लावून दोन-तीन फुटांचा आडोसा करा, तिथे ती आपणहून जाऊ शकली पाहिजे.

मग एक ओळखीचा प्रौढ, मग दोन, मग ओळखीतलं एखादं शांत मूल. त्यानंतर कुबडी पडल्याचा आवाज, खुर्ची सरकणं, अचानक हुंदका, मोठ्याने हसणं अशा गोष्टी मुद्दाम पण हळूहळू आणा. प्रत्येक आवाजाबरोबर उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. ती खाते आहे तोवर ठीक. एरवी खाण्यावर तुटून पडणारी कुत्री आवडता तुकडा नाकारते, तेव्हा तिच्या सोसण्याची हद्द केव्हाच ओलांडलेली असते. त्या दिवशी थांबा, पुढच्या वेळी दोन पायऱ्या मागे जा. मागून येणाऱ्या मिठीची ‘सवय’ मात्र तिला लावू नका. मिठी मारायची नाही, ही सवय मुलांना लावायची.

तिला हात लावलेला आवडतोय की ती सोसतेय, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. तळहात उघडा, खाली, तिच्या बाजूला. ती आली तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवा. डोक्यावरून हात नको. मग हात मांडीवर परत घ्या आणि पाहा. ती पुढे सरकली, अंग टेकलं, हाताला नाक लावलं, तर आणखी तीन सेकंद. तिने मान वळवली, ओठावरून जीभ फिरवली, जमीन हुंगायला लागली किंवा नुसती जागच्या जागी थिजली, तर उत्तर ‘नको’. हे थिजणं सर्वांत फसवं. ‘किती शांत बसलीय बघा’ असं कौतुक होतं ते बऱ्याचदा याच कुत्र्यांचं. झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, उचललेला पुढचा पंजा, पोटाखाली गेलेली शेपटी, एसी चालू असताना धापा, कोरडी असूनही भिजल्यासारखं अंग झटकणं, यांतलं एखादं दिसलं तर नोंद घ्या, दोन-तीन एकापाठोपाठ दिसली तर तिचं सेशन संपलं. मुलांनाही हीच चाचणी शिकवा. ज्यांना स्वतःला ‘नको’ म्हणता येत नाही किंवा दुसऱ्याचं ‘नको’ ऐकू येत नाही, अशा मुलांसाठी निम्मं काम इथेच होतं.

पण हे सगळं पाहणार कोण? आमच्या मते तुमच्या बेतातली खरी उणीव ही आहे. तुम्ही मुलाच्या चेहऱ्याकडे, श्वासाकडे, न बोललेल्या वाक्याकडे पाहत असता. त्याच वेळी कुत्रीचे कान आणि ओठ पाहणं एका माणसाला झेपत नाही. आपल्याला झेपतं असं वाटणाऱ्यांच्या सेशनमध्येच बहुधा घोटाळे होतात, कारण मूल महत्त्वाचं बोलत असताना कुत्र्याची जांभई नजरेतून सुटते. बर्फीसाठी वेगळा हँडलर हवा, ती ज्याला ओळखते असा, घरातला चालेल. त्याचं काम फक्त बर्फी. त्याने ‘बर्फी थकली’ म्हटलं की चर्चा नाही, ती बाहेर. हँडलर आला म्हणजे खोलीत तिसरा माणूस आला. त्याच्याकडून गोपनीयतेचा लेखी करार घ्या आणि पालकांना व मुलाला तो कोण हे आधी सांगा. जे तिसऱ्या माणसासमोर बोलता येणार नाही, ते सेशन बर्फीशिवायच.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलीबद्दल. तुम्ही तिचं निदान लिहिलेलं नाही. घरी बोलते आणि शाळेत गप्प, असं असेल तर सिलेक्टिव्ह म्युटिझमचा (ठरावीक ठिकाणी बोलणंच बंद पडण्याच्या विकाराचा) विचार तुम्ही केलाच असेल, आणि ऐकण्याची व भाषेची तपासणीही झाली असेल असं धरतो. इथे बर्फीचा उपयोग होऊ शकतो, पण उद्दिष्ट आधी, कुत्री नंतर. पायऱ्या साधारण अशा लावता येतील: आधी हाताच्या खुणेने ‘बस’. मग ओठ हलवून, बिनआवाजी. मग कुजबुजीने, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून. मग तुम्ही सहा फुटांवर, मग तीन फुटांवर. मग मुलगी बर्फीला सांगते आणि बर्फीने काय केलं ते तुम्हाला एका शब्दात सांगते. इथवर आल्यावर बर्फी एकेका सेशनला गैरहजर राहायला लागली पाहिजे आणि शाळेतल्या एका शिक्षिकेला हळूहळू आत आणलं पाहिजे. हा दुसरा टप्पाच नेमका राहून जातो. मुलगी कुत्रीशी भरभरून बोलते, आईच्या डोळ्यांत पाणी येतं, सगळे खूश, आणि सहा महिन्यांनी वर्गात हजेरीला ती तशीच गप्प. आठवड्याला एक आकडा लिहा: बर्फी नसताना, आई सोडून किती माणसांशी, किती शब्द. तो हलला नाही तर पद्धत बदला.

या क्षेत्रात ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं ते अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन. त्यांनी 1962 साली आपल्या जिंगल्स या कुत्र्याबद्दल लिहिलं, तेव्हाही उपचार लेव्हिन्सन करत होते, कुत्रं सोबतीला होतं. पुढचं संशोधन आशा वाटावी असं आहे, पण बरेच अभ्यास लहान आहेत, आणि समोर कुत्रं आहे हे माहीत असतंच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणं अवघड. थोड्या वेळापुरती भीती, ताण कमी होतो एवढं बऱ्यापैकी दिसतं. ‘डॉग थेरपीने डिप्रेशन बरं’ अशी पाटी लावू नका, आणि कुणाची औषधं बर्फीच्या भरवशावर कमी होऊ देऊ नका.

पॅनिक अटॅक येणाऱ्या किशोरांना ‘कुत्र्याच्या श्वासाबरोबर श्वास घे’ असं सांगितलं जातं. नका सांगू. निवांत कुत्र्याचा श्वास मिनिटाला 30पर्यंत जाऊ शकतो, धापा टाकायला लागलं तर कित्येक पट. त्याच्या तालावर चाललेलं पोर आणखी घाबरंघुबरं होईल. त्याऐवजी श्वास सोडताना बर्फीच्या पाठीवरून मानेपासून शेपटीकडे एकदा सावकाश हात, श्वास घेताना हात स्थिर. अर्थात बर्फी जवळ येऊन बसली असेल तरच.

मुलं कुत्र्याच्या कानात गुपितं सांगतात. गोड दिसतं, पण तुमच्यासाठी ती जोखमीची जागा आहे. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर 2012च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, मूल तुमच्याशी बोलत होतं की बर्फीशी यावर ते ठरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मुलाला कळेल अशा भाषेत सांगा: “बर्फीला सांगितलेलं मलाही ऐकू येतं. तुला कुणी त्रास देत असेल तर मी गप्प बसणार नाही.” ‘बर्फी कुणाला सांगत नाही हं’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

काही ठिकाणी बर्फी नकोच. प्राण्यांना इजा केल्याचा इतिहास असलेलं मूल (‘दया शिकेल’ म्हणून कुत्री पुढे करणं हा कुत्रीवर प्रयोग आहे), संतापाच्या भरात वस्तू फेकणारं मूल, भ्रम चालू असलेली व्यक्ती, अनियंत्रित दमा, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, उघडी जखम. कुत्र्यांची भीती घालवणं हे वेगळं, पायरीपायरीचं काम आहे, ‘बघ किती गरीब आहे’ म्हणून अचानक समोर आणायचं नाही. आणि धर्मामुळे किंवा नुसतंच आवडत नाही म्हणून कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका. संमतिपत्र कुत्रीसाठी वेगळं घ्या, पालकाची सही आणि मुलाचा होकार दोन्ही. त्यात हेही लिहा की बर्फी आजारी असेल, थकली असेल तर त्या दिवशीचं सेशन तिच्याशिवाय होईल. बर्फीची भेट बक्षीस म्हणून द्यायची नाही आणि शिक्षा म्हणून रोखायचीही नाही. इन्स्टाग्रामवर फोटो नाहीत. मुलांचे तर नाहीतच, गॉगल घातलेल्या बर्फीचेही नाहीत.

आरोग्याचं वेळापत्रक व्हेटकडून लिहून घ्या: रेबीजची लस वेळेवर, डिस्टेंपर-पार्व्होच्या लसीबरोबर लेप्टोस्पायरोसिसची दरवर्षी, जंताचं औषध साधारण तीन महिन्यांनी, गोचिडांचं महिन्याला, वर्षातून दोनदा शी तपासणी. कच्चं मांस, कच्ची अंडी बंद. अंगावर एकही गोल चट्टा दिसला तर गजकर्ण नाही ना हे कळेपर्यंत सुट्टी. फरशी पुसायला फिनेल नको. कुत्री पंजे चाटते आणि ते पोटात जातं. सौम्य साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. मुलांचे हात आधी आणि नंतर साबणाने धुवायचे. आणि डबे केबिनच्या बाहेर: शिऱ्यातले, लाडवातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. चॉकलेटही घातक, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगमही.

मुंबईचं म्हणून वेगळं आहेच. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं आणि इथल्या दमट हवेत ते नीट साधत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारची सेशन नकोत. निघण्याआधी पालथा हात रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसवणार नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून तिला चालवत आणू नका. लेप्टो तिलाही होतो आणि तिच्याकडून मुलांनाही जाऊ शकतो, लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. दहीहंडी, गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके या दिवसांत ती घरीच. विसर्जनाच्या रात्री न झोपलेली कुत्री दुसऱ्या दिवशी वरवर बरी दिसते, पण छोट्याशा गोष्टीला बिचकते. रोजनिशीत सेशननंतरची झोप, भूक आणि पोट लिहा. पट्टा हातात घेतल्यावर ती दाराशी येते की पलंगाखाली जाते, हेही लिहा. सलग तीनदा पलंगाखाली गेली तर तिने राजीनामा दिला असं समजा.

ससे आणि पोपट दोन्हींना नम्रपणे नकार. (घरात नकोसे झालेले प्राणी थेरपीच्या नावाने खपवले जातात, हे दात्याला बोलून दाखवायची गरज नाही.) ससा घाबरला की निपचित पडतो आणि सगळ्यांना तो ‘रमला’ असं वाटतं. उचलताना लाथ झाडली, हातातून निसटला, तर पाठीचा कणा मोडू शकतो. मुंबईचा उकाडाही त्याला सोसत नाही. पोपट आपल्याकडचा हिरवा असेल तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो पिंजऱ्यात ठेवणंच बेकायदा. त्या पालकांना वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन द्या. नुसता उडवून देऊ नका म्हणावं, पिंजऱ्यातला पक्षी बाहेर टिकत नाही. या क्षेत्रातल्या आयएएचएआयओ या आंतरराष्ट्रीय महासंघाचीही 2014ची आणि 2018मध्ये सुधारलेली भूमिका हीच: थेरपीत पाळीव प्राणीच घ्यावेत, वन्य नाहीत, माणसाळलेले असले तरी नाहीत.

सोसायटीबाबत: अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या सूचना रहिवाशांच्या पाळीव कुत्र्यांना संरक्षण देतात. क्लिनिकमध्ये कामासाठी आणलेल्या कुत्रीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, लसीचं पुस्तक, येण्याजाण्याच्या वेळा आणि व्यावसायिक विम्यात कुत्री धरली आहे का याचं विमा कंपनीचं लेखी उत्तर एवढं घेऊन सेक्रेटरींना आधीच भेटा.

आणि दात लागलाच तर, नुसतं खरचटलं तरी: साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं घड्याळ लावून धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. बर्फीला लस दिली आहे म्हणून हे टाळू नका. तिच्यावर 10 दिवस लक्ष ठेवा आणि तिचं काम तिथेच थांबवा. एवढा मजकूर छापून केबिनमध्ये लावा, त्या क्षणी आठवत नाही.

त्या मुलीच्या आईला या आठवड्यात एवढंच सांगा की बर्फी अजून शिकते आहे, तीन महिन्यांनी कळवते. मुलीने तोवर घरी बर्फीसाठी खुणांची यादी करावी: बस, ये, थांब, पुरे. चित्रं काढली तरी चालतील. ‘पुरे’ची खूण तिलाच ठरवू द्या आणि तीच बर्फीला शिकवा.